ब्रेकमधून खरखर आवाज येतोय? घरच्या गाडीतून घर्षणाचा धडा



नववीच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' हा पाठ आपण शिकवतो. गतिज ऊर्जेचं सूत्र मुलांना पाठ होतं, पण ती ऊर्जा दारात उभ्या असलेल्या गाडीत कुठे जाते, हे सहसा कोणी विचारत नाही. ब्रेक दाबल्यावर खरखर आवाज येऊ लागला की हा प्रश्न आपोआप समोर येतो. आणि तो आवाज आज-उद्यावर ढकलण्यासारखा नसतो.

ब्रेक नेमकं काय करतो?

१००० किलो वजनाची गाडी ताशी ६० किमी वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा साधारण १,३९,००० ज्यूल असते. ताशी ३० किमी वेगाला ती फक्त ३५,००० ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट! थांबताना यातला बहुतेक भाग ब्रेक घर्षणाने उष्णतेत बदलतो.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरपर्यंत पोचतो (हाच पास्कलचा नियम) आणि दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर बसवलेला घर्षण मटेरियलचा थर. हा थर झिजण्यासाठीच असतो. तो संपला की लोखंड लोखंडावर घासतं, आणि तीच ती खरखर.

आधी आवाज ओळखा

१. बारीक 'चीं' आवाज: बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. थर पातळ झाला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. ही पूर्वसूचना समजा.

२. ब्रेक दाबल्यावर जाड खरखर, पेडलला थरथर: पॅड संपल्याची दाट शक्यता. आता रोज डिस्कही खराब होतेय.

३. पावसात किंवा गाडी धुतल्यावर सकाळी पहिल्यांदा खरखर: डिस्कवर रात्रीत हलका गंज येतो. चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर आवाज गेला तर काळजी नको.

४. ब्रेक न दाबताही सतत घासल्याचा आवाज: डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकला असेल, किंवा कॅलिपर जाम झाला असेल. वेगाबरोबर वाढणारी घूं घूं असेल तर चाकाचा बेअरिंग तपासून घ्या.

५. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर खडखड, पेडल पायाखाली धडधडतं: एबीएस असलेल्या गाडीत हे नेहमीचंच आहे.

आवाज कोणत्या बाजूचा हे कळण्यासाठी काच खाली करून कंपाउंडच्या भिंतीजवळून हळू गाडी चालवा. भिंतीवरून परतलेला आवाज स्पष्ट ऐकू येतो.

मग डोळ्यांनी बघा

गाडी सपाट जागी उभी करा, गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दगड किंवा विटा लावा. गाडी नुकतीच चालवली असेल तर थांबा, डिस्क चटका बसेल इतकी तापलेली असते. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. खाली पक्का स्टँड हवाच.

चाक काढल्यावर टॉर्च मारून दोन्ही पॅड बघा, कारण कधी कधी बाहेरचा चांगला असतो आणि आतला संपलेला असतो. तसं असेल तर कॅलिपरची पिन अडकली असण्याची शक्यता आहे. नव्या पॅडचा थर साधारण १० ते १२ मिमी असतो. ३ मिमीपर्यंत आला की बदलायची वेळ झाली. गार झालेल्या डिस्कवरून नख फिरवा. नख अडकेल असे खोल चरे असतील तर डिस्कही गॅरेजमध्ये दाखवा. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याखाली ती वापरायची नाही.

घरी काय करावं, काय नाही

खडा काढणं आणि पॅडची जाडी बघणं कोणालाही जमेल. पॅड बदलणं मात्र हाताला सवय असलेल्यानेच करावं. त्यांनीही एवढं पाळावं:

- एकाच चाकाचे नाही, समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदला.
- कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.
- पिस्टन मागे दाबताना ऑइलच्या डबीतली पातळी वाढते, तिकडे लक्ष ठेवा. ऑइल रंगावर सांडलं तर रंग जातो.
- पॅड-डिस्कला ग्रीस किंवा तेलकट हात लागू देऊ नका. ब्रेकची धूळ फुंकू नका, मास्क लावा.
- काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

ड्रममधला आवाज, ऑइलची गळती, खाली जाणारं पेडल किंवा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर सरळ मेकॅनिककडे. खरखर चालू असताना घाटात किंवा मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघू नका. उतारावर ब्रेक आधीच तापतात, त्यात झिजलेला पॅड म्हणजे संकटाला आमंत्रण.

मुलांसाठी प्रश्न

१. वेग तिप्पट झाला तर ब्रेकला किती पट ऊर्जा शोषावी लागेल?
२. डिस्क उघडी असते, ड्रम बंद. लवकर गार कोण होईल? का?
३. घर्षण नको असलेली गाडीतली दोन ठिकाणं आणि हवीच असलेली दोन ठिकाणं सांगा.

चाक उघडलं असेल तेव्हा मुलांना बाजूला उभं करून झिजलेला आणि नवा पॅड शेजारी ठेवून दाखवा. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा ते जास्त लक्षात राहील.