रेसिडेन्सीतील खैरुन्निसा : एक शोकनायिका

सुलतान बाजाराच्या गर्दीतून कोठीकडे वळले की जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे उंच खांब दिसू लागतात. १९३३ साली निजामाकडे परत येईपर्यंत हा बाजारही रेसिडेन्सीच्याच अमलाखाली होता. १९४९ पासून या वास्तूत मुलींचे महाविद्यालय आले. याच आवारातील रंगमहालात खैरुन्निसा राहत असे. लोक तिची गोष्ट सांगताना तिला हटकून 'राजकन्या' म्हणतात. गोरा साहेब, पडद्यातली राजकन्या आणि अकाली मृत्यू, एवढ्यात गोष्ट संपते. ऐकणारा हळहळतो. पण हळहळ वाटली म्हणजे शोकांतिका झाली काय? या प्रश्नाचा विचार करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. खैरुन्निसा राजकन्या नव्हती. ती निजामाच्या दरबारातील सरदार बाकर अली खान यांची नात. पुढे दिवाण झालेले मीर आलम हे तिचे नातलग. तिचा विवाह दुसऱ्या सरदारघराण्यात ठरला होता. असे असता, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, तिने रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याला वरले. पुढाकार तिनेच घेतला, असे कर्कपॅट्रिकने आपल्या भावाला लिहिले आहे. अर्थात हे स्वतःचा बचाव करणाऱ्याचे शब्द आहेत, हे विसरता येत नाही. त्याने इस्लाम स्वीकारून निकाह केला. गव्हर्नर जनरल वेलस्ली याने चौकशी लावली, पण विवाह टिकला. १८०१ मध्ये मुलगा आणि १८०२ मध्ये मुलगी झाली.

आपल्या मराठी रंगभूमीवर दुःखी नायिका पुष्कळ आहेत. 'एकच प्याला'तील सिंधू आठवावी. सिंधू सोसते, तिचे मोठेपण त्या सोसण्यात आहे. ॲरिस्टॉटलला अभिप्रेत असलेला शोकनायक मात्र कृती करतो, आणि त्या कृतीतूनच त्याचा ऱ्हास ओढवतो. माझ्या मते खैरुन्निसा या दुसऱ्या जातीची आहे. तिने निवड केली, आणि त्या निवडीची किंमत पुढे एकेक करून चुकती केली.

पहिली किंमत मुलांची. आईबाप दोघेही युरोपीय नसलेल्यांना कंपनीच्या वरिष्ठ नोकऱ्यांची दारे तेव्हा बंद झाली होती. म्हणून १८०५ साली दोन्ही मुले विलायतेला धाडण्यात आली. तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, नावे बदलली. साहिब बेगमची कॅथरीन झाली. आईला ती पुन्हा दिसली नाहीत. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. पुढे त्याचाच मदतनीस हेन्री रसेल याने तिला आधार दिला आणि मच्छलीपट्टणात एकटी सोडून दुसरीशी लग्न केले. घराण्याची अब्रू गेली म्हणून मीर आलम तिला हैदराबादेत येऊ देईनात. त्यांच्या मृत्यूनंतर ती परतली आणि १८१३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास वारली.

येथे एक अडचण नमूद करणे भाग आहे. शोकांतिकेतील नायिका स्वतः बोलते. रंगमंचावरचा शेवटचा शब्द तिचा असतो. खैरुन्निसेची हकीकत मात्र आपल्याला मुख्यतः इंग्रज पुरुषांच्या पत्रव्यवहारातून कळते. तिची आजची ओळख बव्हंशी विल्यम डॅलरिंपल यांच्या २००२ सालच्या ग्रंथामुळे आहे; तोही याच पत्रांवर पुष्कळसा विसंबतो. रंगमहाल तर १८६० साली पाडण्यात आला. ती पडद्यात असल्याने तिला हवेली दिसावी म्हणून बागेत छोटी प्रतिकृती केली, ही आख्यायिका मात्र टिकली. गोड आहे म्हणूनच ती टिकली असावी. तीत खैरुन्निसा बाहुलीच्या घराकडे पाहणारी बाहुली होते. निवड करणारी स्त्री नाहीशी होते.

तिला 'राजकन्या' म्हणण्यात हाच धोका मला दिसतो. राजकन्येला गोष्टीत कोणीतरी सोडवावे किंवा गमवावे लागते; तिने स्वतः काही ठरवायचे नसते. कोठीच्या त्या आवारात पुढे हजारो मुली शिकल्या. त्यांच्यापैकी कोणी ही गोष्ट सांगू लागली, तर तिने आरंभ प्रतिकृतीपासून न करता त्या निवडीपासून करावा, एवढीच माझी इच्छा आहे.