कोष्टकातील दोषांचे निवारण

डोनाल्ड नूथ यांनी १९७८ साली सिद्ध केलेल्या ‘टेक्’ या मुद्रणजुळणीच्या भाषेवर लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘लाटेक्’ आधारलेली आहे. तीत कोष्टकाचे स्तंभ आरंभीच सांगावे लागतात. ओळीतील दोन घरांमध्ये & हे चिन्ह येते व ओळ \\ या खुणेने संपते.

समजा, तीन स्तंभांच्या कोष्टकात ‘गहू & १२% & ३० \\’ अशी पहिली ओळ आहे आणि ज्वारी व बाजरी यांच्या ओळीही तशाच आहेत. या भाषेत % म्हणजे टिपणाचा आरंभ. त्यापुढील मजकूर यंत्र वाचतच नाही. त्यामुळे ३० हा आकडा तर जातोच, शिवाय ओळीची शेवटची खूणही लोपते आणि ‘ज्वारी’ हा शब्द १२ ला येऊन चिकटतो. तिसऱ्या ओळीत एक & अधिक ठरते व यंत्र तेथे चूक दाखविते; मूळ दोष मात्र पहिल्या ओळीत असतो. म्हणून दाखविलेल्या ओळीपासून वर वाचत जावे. उपाय सोपा आहे : प्रत्येक ठिकाणी \% असे लिहावे.

कोष्टक दोनच ओळींचे असते, तर यंत्राने तक्रारही केली नसती आणि आकडे निमूटपणे गळाले असते. यास्तव छापील कोष्टक मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते.