कंद कुजला, वेल फुलला

देवासच्या आमच्या घराच्या उत्तर अंगाला कडुनिंबाखाली जमिनीचा एक चिंचोळा पट्टा आहे. तिथे मोगरा फुलत नाही, शेवंती लांबट होऊन आडवी पडते. त्या सावलीसाठी मी चार वर्षांपूर्वी ‘ब्लीडिंग हार्ट’चे तीन कंद मागवले. चित्रात बाकदार दांडीवर गुलाबी हृदयांची ओळ होती, प्रत्येकाच्या टोकाला पांढरा थेंब. खाली लिहिलं होतं: बहुवर्षायू, सावलीत वाढणारं. ते कुठल्या थंडीत वाढतं, हे तिथे लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

एक कंद आमच्या काळ्या मातीत महिन्याभरात कुजला. उरलेले दोन जानेवारीत वीतभर वर आले, कोथिंबिरीची आठवण व्हावी अशी कातरलेली पानं घेऊन, आणि मार्चच्या उन्हात कळी न धरताच गेले.

मग मी वाचायला बसले. हे झाड मूळचं ईशान्य चीन, कोरिया, सैबेरियाकडचं. 1840च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून यांनी ते चीनमधून इंग्लंडला नेलं आणि तिथल्या बागांत ते घरचंच झालं. त्याच्या कंदाला कित्येक आठवडे कडक थंडी मिळाली, तरच डोळे नीट फुटतात. आपण माळव्यातली माणसं ‘शब-ए-मालवा’चं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक ऐकत वाढतो, पण रात्री हवा गार होणं वेगळं आणि आठवडेच्या आठवडे जमीन थंड राहणं वेगळं. दुसऱ्या वर्षी मी नवे कंद ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवले आणि जानेवारीत कुंडीत लावले. फेब्रुवारी संपताना एका दांडीवर चार फुलं आली. मी ती सकाळ-संध्याकाळ बघायला जायची.

एप्रिलमध्ये पानं पिवळी पडली. तहान लागली असेल म्हणून मी पाणी वाढवलं. खरी चूक ती. हे झाड आपल्या थंड मुलखातसुद्धा फुलून गेलं की उन्हाळ्यात पानं टाकतं आणि जमिनीखाली झोपतं. झोपलेल्या मुळांना पाणी चालत नाही, आणि चाळिशी ओलांडलेल्या उन्हात तर नाहीच. जूनमध्ये कुंडी उपसली तेव्हा हाताला तपकिरी गाळ लागला. 1990मध्ये ज्या देवासला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात मी मे महिनाभर मेलेल्या मुळांना पाणी घालत होते. हे मला आजही लागतं.

त्याच पावसाळ्यात धारला आत्याकडे गेले. तिच्या परसात, आंब्याच्या विरळ सावलीत, जाळीवर एक वेल चढला होता: पांढऱ्या कंदिलासारख्या निदलांतून लालभडक फूल डोकावणारा. नाव विचारलं, तर ती म्हणाली, “अगं, हेच ब्लीडिंग हार्ट. नर्सरीवाला हेच म्हणतो.” हे क्लेरोडेंड्रम थॉमसोनिए, पश्चिम आफ्रिकेतला वेल, तुळशीच्या कुळातला. माझ्या कंदांचं नाव लॅम्प्रोकॅप्नॉस स्पेक्टॅबिलिस (जुन्या पुस्तकांत डायसेंट्रा), ते अफूच्या कुळातलं. बाजारात दोघांना एकच नाव. आणि आफ्रिकेचं झाड माळव्यात रमतं, याची साक्ष त्याच धार जिल्ह्यात मांडूला उभी आहे: तिथली खुरासानी चिंच म्हणजे आफ्रिकेतला गोरखचिंचेचा वृक्ष.

आत्याकडून आणलेल्या दोन फांद्यांतली एक मी कडुनिंबाच्या बुंध्यापाशी लावली. वेल वाढला, फूल नाही. दुसरी पट्ट्याच्या पूर्व टोकाला, जिथे सकाळचं ऊन दोन-तीन तास येतं, ती पुढच्याच पावसाळ्यात फुलली. सावली म्हणजे अंधार नव्हे, हे त्या दोन फांद्यांनी मला शिकवलं. हा वेल लावताना काळी माती निम्मीच घ्या, बाकी वाळू आणि कुजलेलं शेणखत. थंडीत पानं गळली तर घाबरू नका, पाणी कमी करा. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी ओसरताना छाटणी करा. मुळांतून पिलं फुटतात, ती वेळीच काढा.

ज्यांना चित्रातलं ते गुलाबी हृदयच हवं, त्यांनी ते एका हिवाळ्यापुरतं म्हणून लावावं, कंद फ्रीजमध्ये थंड करून. त्याचे सगळे भाग पोटात गेले तर विषारी असतात आणि रसानं कातडीला खाज सुटते, तेव्हा लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवा. निळ्या ब्लीडिंग हार्टचं बी कुणी विकत असेल तर घेऊ नका. निळं फूल या झाडाला येतच नाही.

आणि कंद असो की रोप, पैसे देण्याआधी त्याचं पूर्ण शास्त्रीय नाव कागदावर लिहून मागा. विक्रेता लिहून देत नसेल, तर परत फिरा.