भूल देण्याआधी मुलाची सर्दी लपवू नका

हर्निया, टॉन्सिल किंवा फाटलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या वस्त्यांतली मुले ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात जातात. तारीख मिळेपर्यंत आईवडिलांचे बरेच खाडे झालेले असतात. म्हणून ऐन दिवशी सर्दी झाली, तर तारीख पुढे जाईल या भीतीने ती सांगितली जात नाही. मूल भुकेने रडते म्हणून आजी हळूच बिस्कीट देते. या दोन्ही गोष्टी मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

पूर्ण भूल दिल्यावर श्वासाचा मार्ग मोकळा ठेवण्याचे काम डॉक्टर करतात. त्यासाठी तीन साधने मुख्य आहेत.

१. तोंडा-नाकावर धरायचा मास्क. छोट्या शस्त्रक्रियेत एवढ्यावर भागते.

२. लॅरिंजिअल मास्क. हा घशात, श्वासनलिकेच्या तोंडावर बसतो. १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. आर्ची ब्रेन यांनी तो प्रथम वापरला. त्याचे माप वजनावर ठरते. १० ते २० किलोच्या मुलाला २ नंबर.

३. श्वासनलिकेत घालायची नळी. चार वर्षांच्या मुलाला साधारण साडेचार ते पाच मिलिमीटरची लागते.

लहान मुलाची श्वासनलिका अरुंद असते आणि त्याच्या शरीरातला ऑक्सिजन मोठ्या माणसापेक्षा लवकर संपतो. सर्दी-खोकल्यात घसा हुळहुळा होतो. भुलीच्या वेळी तो अचानक आवळला, तर श्वास अडतो. पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते. लॅरिंजिअल मास्क ते पूर्णपणे अडवू शकत नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

• जेवण, बिस्कीट, वरचे दूध ६ तास आधी बंद. अंगावरचे दूध ४ तास आधी बंद. साध्या पाण्याची वेळ डॉक्टरांना विचारा.
• गेल्या दोन आठवड्यांतला ताप, सर्दी, खोकला सांगा. दमा, झोपेतले घोरणे, हलणारा दात, पूर्वी भुलीचा झालेला त्रास, सगळे सांगा.
• घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तेही सांगा. त्या धुरानेही मुलाला भुलीत त्रास होण्याचा धोका वाढतो.
• चुकून काही खाल्ले असेल तर लगेच सांगा. रागावतील म्हणून गप्प बसू नका.

प्रत्येक सर्दीत शस्त्रक्रिया पुढे ढकलतातच असे नाही. ते भूलतज्ज्ञ तपासून ठरवतात. पुढे ढकललीच, तर नवी तारीख केसपेपरवर लिहून घ्या. बुडालेली मजुरी पुन्हा मिळवता येते, मूल नाही. भूल कशी देणार, श्वासासाठी कोणते साधन वापरणार, हे विचारायलाही संकोच करू नका. तो आपला हक्क आहे.