तलंग अंड्यावर येईपर्यंत

परसातील कोंबडी पहिले अंडे केव्हा देईल, याचे उत्तर आठवड्यांत सांगण्याची पद्धत रूढ आहे, आणि त्या एका आकड्यावर विसंबल्यामुळेच नवख्या पाळणाऱ्यांच्या हातून पक्ष्यांचे मोठे नुकसान होते. अजून एकही अंडे न दिलेल्या तरुण मादीला तलंग म्हणतात. केवळ अंड्यांसाठी पैदास केलेली व्हाइट लेगहॉर्न जातीची तलंग १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते, म्हणजे अंडी देऊ लागते. गावरान तलंगेला मात्र त्यासाठी साधारणपणे सहा ते सात महिने लागतात. हा फरक ठाऊक नसल्याने अनेक घरांत निरोगी तलंगा वांझ ठरवून विकल्या किंवा कापल्या जातात.

प्रस्तुत लेखिकेच्या परसात पावसाळ्याच्या तोंडावर अंड्यातून निघालेल्या सहा गावरान तलंगा होत्या. पाच महिने उलटूनही अंडे दिसेना, तेव्हा लागोपाठ तीन चुका घडल्या, आणि त्यांची किंमत पक्ष्यांनी मोजली.

पहिली चूक खाद्याची होती. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या खाद्यात, म्हणजे लेअर मॅशमध्ये, सुमारे साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, तर वाढत्या तलंगेला एक टक्क्याच्या आसपास पुरते. हे खाद्य तिसऱ्या महिन्यापासून घातल्यास अंडी लवकर येतील, ही समजूत निराधार आहे, कारण न वापरलेले जादा कॅल्शियम मूत्रपिंडांवर ताण आणते आणि ती इजा पुढे भरून निघेलच असे नाही. कॅल्शियमची खरी गरज कधी सुरू होते, हे पक्ष्याच्या शरीररचनेवरून समजते. कोंबडीच्या दोन अंडाशयांपैकी सहसा केवळ डावाच विकसित होतो. पहिल्या अंड्यापूर्वी सुमारे दोन आठवडे त्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे तुरा व चोचीखालच्या मांसल पाळ्या लाल होऊ लागतात, आणि त्याच सुमारास लांब हाडांच्या पोकळीत कवचासाठी कॅल्शियमचा वेगळा साठा जमू लागतो. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम खर्ची पडत असल्याने हा साठा अनिवार्य असतो. तेव्हा खाद्य बदलण्याचा मुहूर्त कॅलेंडरवर न शोधता तुऱ्याच्या रंगात शोधावा, आणि शिंपल्यांचा चुरा खाद्यात न कालवता वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे जिला गरज आहे तीच तो टिपते.

दुसरी चूक उजेडाची होती, आणि तिचा सल आजही गेलेला नाही. दिवसाचा उजेड कोंबडीला डोळ्यांबरोबरच कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचून जाणवतो, आणि दिवस लांबत असल्याची जाणीव अंडाशयाला चालना देते. महाराष्ट्रात डिसेंबरचा दिवस सुमारे अकरा तासांचा, तर जूनचा तेरा तासांहून थोडा मोठा असतो. त्यामुळे पावसाळ्याच्या आरंभीची पिल्ले आखूड होत जाणाऱ्या दिवसांत वाढतात आणि उशिरा वयात येतात. हे अर्धवट वाचून खुराड्यात रात्री उशिरापर्यंत दिवा जाळला गेला. अंगाने न भरलेल्या तलंगेवर अशी घाई लादली, तर अंडे बाहेर पडताना अंडनलिकेचा भाग बाहेरच राहण्याचा धोका असतो, आणि तो लाल भाग पाहून इतर कोंबड्या टोचू लागतात. एक तलंग अशीच दगावली. दिवा लावायचाच असेल, तर तलंगा अंगाने भरल्यावर, आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवत, एकूण चौदा तासांपर्यंतच उजेड न्यावा; घरच्या चार-सहा कोंबड्यांसाठी संक्रांतीनंतर वाढत जाणारा दिवसच पुरेसा आहे, असे लेखिकेचे ठाम मत आहे.

तिसरी चूक निदानाची. उरलेल्या पाचांतील दोन तलंगा वांझ समजून आठवडी बाजारात विकल्या गेल्या, आणि त्यानंतर आठवडाभरातच कडब्याच्या गंजीमागे अकरा अंडी सापडली. त्यांपैकी काही विकलेल्या तलंगांची असावीत, असा तर्क त्यांच्या संख्येवरून करावा लागतो. मोकळ्या फिरणाऱ्या तलंगा आडोसा शोधून अंडी घालतात. म्हणून पाचवा महिना सरताच खुराड्यात अंधाऱ्या कोपऱ्याला भाताचे तूस घातलेली खोकी ठेवावीत, त्यात अंड्याच्या आकाराची गारगोटी ठेवावी, आणि काही दिवस दुपारपर्यंत पक्षी कोंडून ठेवावेत.

तलंग खरोखर अंड्यावर आली आहे का, हे हाताने पाहता येते. शेपटीखालच्या द्वाराच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या टोकदार हाडांमध्ये एक बोटही मावत नसेल तर वेळ आहे. दोन ते तीन बोटे मावली आणि द्वार ओलसर व रुंद असेल, तर अंडी सुरू झाली आहेत किंवा होण्याच्या बेतात आहेत. माणूस जवळ येताच पंख किंचित पसरून जमिनीलगत दबून बसणे, हीदेखील जवळची खूण होय. यांपैकी काहीच नसेल, पण पक्षी चरत असेल व अंगाने भरत असेल, तर त्याला केवळ वेळ द्यावा.

पहिली अंडी लहान, क्वचित पातळ कवचाची किंवा बलकाविना असतात, आणि त्यांत दिवसांचे खंड पडतात. ती घरात खाण्यास योग्य असली, तरी लहान अंड्यांतून पिल्लेही लहान निघत असल्याने अंडी नेहमीच्या आकाराची होईपर्यंत ती खुडूक कोंबडीखाली, म्हणजे उबवणीस बसलेल्या कोंबडीखाली, ठेवू नयेत.