मांजरीचे पिल्लू, त्याची नखे आणि नवा सोफा

मांजर फर्निचर ओरबाडते ते मुख्यतः तीन कारणांनी. नखावरचा जुना, मेलेला थर निघून खालचे धारदार नख मोकळे व्हावे लागते. झोपेतून उठल्यावर खांदे आणि पाठ ताणायची असते. आणि पंजातील ग्रंथींचा, माणसाला न जाणवणारा वास त्या जागी लावायचा असतो. रागाचा किंवा सूडाचा यात काही संबंध नाही. पिल्लू साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून ओरबाडू लागते आणि जागा एकदा ठरली की वासामुळे पुन्हा तिथेच येते. म्हणून सवय लावायची ती याच वयात.

मात्र ते वाटेल ते ओरबाडत नाही, आणि ही गोष्ट फर्निचर विकणारे सांगत नाहीत. गुळगुळीत सागवानात किंवा लोखंडी कपाटात नख रुतत नाही. जाड, मोकळ्या विणीच्या कापडात ते अडकते, ओढले की धागा सुटतो. पिल्लाला नेमके हेच हवे असते. वर्ध्यातील एका घरी असा तागासारख्या विणीचा सोफा आला, तेव्हा घरात पिल्लू आहे हे दुकानात आधीच सांगितले होते. “याले नख लागतच नाही जी,” असे उत्तर मिळाले, तेही चारचौघांसमोर. उन्हाळा संपायच्या आत सोफ्याचा एक कोपरा पिंजून निघाला. दुकानदाराला बोलावले तर त्याने कापडाला हातसुद्धा लावला नाही. पिल्लाकडे पाहून हसला, नव्या कापडाचा भाव सांगितला आणि जाता जाता “पोत्यात घाला अन् पवनारच्या पुढं सोडून द्या ना” हा सल्ला फुकट दिला.

त्याच संध्याकाळी कोपरा झाडताना विणीत अडकलेली पोकळ, अर्धपारदर्शक, चंद्रकोरीसारखी सालपटे निघाली. नखेच उपटली गेली असे वाटून घरात घाबरगुंडी उडाली. पशुवैद्यकाने पाहताक्षणी सांगितले की ही नखांची कात आहे, निरोगी पिल्लाची ती पडायचीच. तो कोपरा पिल्लाच्या अंथरुणापासून दोन पावलांवर होता. उठायचे, अंग ताणायचे आणि हाताशी असलेल्या सर्वांत खरबरीत वस्तूवर कात टाकायची, एवढाच त्याचा गुन्हा.

उपाय एकच खरा आहे: त्याला तितकीच खरबरीत दुसरी वस्तू देणे. बाजारात मिळणारे गोंडस खांब बहुधा बुटके आणि हलके असतात. एकदा अंगावर कलंडला की पिल्लू पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. जड पाटावर घट्ट ठोकलेला, सुमारे तीन फूट उंच खांब करून घ्यावा आणि त्यावर घायपाताचा दोर किंवा जाड सुतळी फटी न ठेवता गुंडाळावी. लाकडाच्या टालावरून सालीसकट आणलेला बाभळीचा ओंडकाही चालतो. काटे तासून घ्यावेत आणि उधई लागलेली नाही ना हे पाहावे. खांब मागच्या गॅलरीत ठेवू नये. तो खराब झालेल्या कोपऱ्याच्या अगदी पुढ्यात ठेवावा, कोपऱ्यावर जाड प्लास्टिक बांधावे आणि सवय पक्की झाल्यावर खांब रोज वीतभर सरकवावा. पिल्लाचे पंजे धरून दोरावर घासू नयेत, त्याने ते बिचकते. खांबावरून दोरी खेळवावी. नखे लागली की लगेच खाऊ द्यावा.

पुढच्या पायांच्या नखांची टोके दोन-तीन आठवड्यांनी कापावीत. फक्त पारदर्शक टोक कापायचे. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. संयम ठेवावा, हे सांगायला नकोच.

फिनाईल, कापूर, निलगिरीचे तेल शिंपडण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. मांजराच्या यकृताला असे पदार्थ नीट पचवता येत नाहीत आणि पंजे चाटताना ते पोटात जातात. आर्वी-कारंजाकडच्या संत्र्यांच्या हंगामात साली पसरण्याची टूम निघते; साल सुकली की वास जातो आणि पिल्लू परत येते. मारले तर ते ओरबाडणे सोडत नाही, माणूस घरात नसताना ओरबाडते. शस्त्रक्रियेने नखे काढणे म्हणजे बोटाचे शेवटचे हाड कापणे. त्याचा विचारही करू नये.

पोत्यात घालून सोडण्याबद्दल सांगायचे तर, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे.

सोफ्याचे कापड बदलायचे ते पिल्लू खांबाला सरावल्यावरच. दाट, आखूड लव असलेले मखमली कापड त्यातल्या त्यात बरे, कारण त्यात नख अडकायला फासे नसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, पण तोंडी हमी सिद्ध करणे जड जाते. “नख लागत नाही” हे शब्द बिलावर लिहून मागावेत. दुकानदार लिहून देत नसेल, तर ते कापड घेऊ नये.