ऑगस्टाचा वसंत

अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल मैदानावर एप्रिलमध्ये मास्टर्स गोल्फ स्पर्धा भरते. तेथील बर्म्युडा गवत हिवाळ्यात सुप्त होऊन पिवळे पडते. म्हणून शरदातच त्यावर रायग्रास पेरतात. वसंतात डोळे निववणारी हिरवाई असते ती या पाहुण्या गवताची! खळग्याभोवतीच्या ‘ग्रीन’खाली नळ्या असून, त्यांतून जादा ओल खेचली जाते व मुळांना हवा मिळते. प्राणवायूवाचून मूळही गुदमरते, हे आम्हां बालरोगतज्ज्ञांना वेगळे सांगावयास नको. तथापि यंत्राने ऋतू बदलत नाही. कोविडमुळे २०२० ची स्पर्धा नोव्हेंबरात झाली. रायग्रास कोवळे, जमीन पावसाने मऊ. चेंडू पडे तेथेच थबके. डस्टिन जॉन्सन यांनी २६८ फटक्यांत स्पर्धा जिंकून विक्रम नोंदवला.